एका काळ्या ठिपक्याचं भांडण

माझ्या भिंतींवरच्या सारसांच्या माना वाकड्या असतात. एका शाळेच्या कुंपणभिंतीवरच्या बैलाला पाच पाय आहेत. एका गावात तर धान पिवळं होण्याऐवजी चक्क जांभळं झालेलं आहे. हे सगळं मला मान्य आहे. तरी लोक गाडी थांबवून मला सांगतात, पेंटर, तुमच्या बैलाला पाच पाय झाले बरं का. मी सांगतो की मोजलेत, पाचच आहेत. ज्या बाईंनी काढले त्यांच्या मते तो चालता बैल आहे. गाडीवाल्यांचं बाईंशी जमत नसेल तर तो त्यांचा प्रश्न, मी मधे पडणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं की अनुभव लिहा, जरा प्रेरणादायी होईल असं बघा. प्रेरणा मला जमत नाही. भांडण जमतं. म्हणून एका भांडणाबद्दलच लिहितो. त्यात मी बरोबर होतो आणि तरी तोंडावर पडलो.

आधी धंद्याची ओळख. मी गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. गोंदिया शहरात तीसेक वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा, कापड, दवाखाने, राइस मिला, ट्रकच्या मागचे फाळके, निवडणुकीच्या भिंती, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदेसुद्धा. अक्षर असं होतं की एका माणसाने दुकान विकलं, पण पाटी घरी घेऊन गेला. मग फ्लेक्स आलं. दोन तासांत छापून मिळतं, त्यावर मालकाचा फोटोही येतो, आणि फोटोपुढे अक्षराला कोण विचारतो? मी काही दिवस एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून पाहिलं. हातात ब्रश धरलेल्या माणसाला माऊस धरवत नाही, एवढं कळल्यावर उठून आलो.

अशा रिकाम्या दिवसांत मुर्री गावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकबाईंनी बोलावलं. शाळेची लांबलचक भिंत रंगवायची होती. पण ती मी रंगवायची नव्हती, गावाने रंगवायची होती. ज्याने कधी ब्रश धरला नाही त्याने, म्हाताऱ्यांनी, शेतमजूर बायांनी, ज्याचा हात-पाय धड नाही त्याने, येईल त्या सगळ्यांनी. मी फक्त शिकवायचं. मला वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. पण काम नव्हतं, म्हणून हो म्हटलं. मनात ठरवलं की दोन दिवस यांना काय फासायचं ते फासू द्यावं आणि तिसऱ्या दिवशी आपण सगळं नीट करून घ्यावं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच ठरवलं होतं.

त्या भिंतीवर कौसल्याबाई होत्या. दुसऱ्याच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी-कापणी करणाऱ्या. मळणीयंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेलेली, म्हणून डाव्या हाताने काढायच्या. त्यांनी सारस काढला. आमच्या जिल्ह्यात सारस पक्ष्याचं मोठं अप्रूप. धानाच्या बांधीत घरटं करतो, जोडीने हिंडतो. कौसल्याबाईंचा सारस मात्र मान खाली घालून स्वतःच्याच पायाकडे बघत होता, आणि मानेला मधेच एक गाठ आल्यासारखी दिसत होती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ब्रश घेतला आणि दोन मिनिटांत मान सरळ केली. सुरेख झाली. मनात म्हटलं, बाईंना कळणारही नाही, उलट खूश होतील.

बाई परत आल्या. भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माहा पक्षी कोठं गेला?"

मी म्हटलं, हा काय, हाच तर तुमचा. त्यांनी ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, पदराला हात पुसला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. मी एकदा घरी गेलो. त्यांनी खाट टाकली, चहा दिला, पावसापाण्याचं विचारलं. सारसाचं नाव काढलं नाही, मलाही काढवलं नाही. मान वाकडी काऊन आहे एवढं मी त्यांना भिंतीपाशी विचारायला हवं होतं. कदाचित तो पक्षी अंड्याकडे बघत असेल. आता ते कधीच कळणार नाही, कारण तो सारस मी पुसला. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्याकडून बिघडलेल्या पाट्या मी विसरलो, पण ही नीट केलेली मान विसरता येत नाही.

त्या दिवसापासून माझ्या भिंतीवर एक नियम आहे. दुसऱ्याच्या रेघेवर ब्रश न्यायचा नाही. कोणीच नाही, मी तर नाहीच नाही. हा नियम मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतो आणि काम देणाऱ्यांनाही सांगतो. ते हसून मान डोलावतात. त्यांना वाटतं, हे आपलं बोलायचं.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी ते कसं चालतं हे थोडक्यात सांगतो. पहिला दिवस नुसता खरवडण्याचा. पत्र्याने जुन्या रंगाचे पापुद्रे काढायचे, पॉलिश पेपर मारायचा, भिंत धुवायची. यात कोणाला काही येत नाही असं नसतंच, म्हणून सगळ्यांची भीड इथेच मोडते. मग प्राइमर. मग चुन्याने माखलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधून ओढून सोडायचा. भिंतीवर सरळ रेघ उठते. त्याला आम्ही सूत मारणं म्हणतो. सूत मारून भिंतीचे चौक पाडले की प्रत्येकाला आपला चौक. ज्याला उभं राहता येत नाही त्याला खालचा, ज्याला वाकता येत नाही त्याला वरचा. ज्याची मूठ वळत नाही त्याच्या ब्रशला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दांडा जाड करून द्यायचा. रंगाची सुरुवात सगळ्यांनी भिंतीच्या तळाच्या गडद पट्ट्यापासून करायची. तिथे चुकलं तरी दिसत नाही, आणि पट्टा संपेपर्यंत हाताला ब्रशची सवय झालेली असते.

सगळ्यात अवघड असतं ते "मले ड्राइंग येत नाही जी" हे वाक्य. बाया हे वाक्य एकदाच म्हणतात आणि कामाला लागतात. पुरुष तीन दिवस म्हणत राहतात. कुडव्यातले एक निवृत्त हेडक्लार्क यायचे, ते पट्टी घेऊनच यायचे. एक पान काढायचे, ते पट्टीने मोजायचे, मग दुसरं पान तेवढंच येत नाही म्हणून पहिलं पुसायचे. चार दिवसांत त्यांचं एक झाड झालं, दोन पानांचं. मी ते तसंच ठेवलं. दोन पानांचं झाडही त्यांचंच. आता ते कुडव्याच्या आसपासच्या प्रत्येक भिंतीवर येतात आणि नवख्यांना पट्टी वापरू नका म्हणून दम देतात.

शहरातली काही कलाकार मंडळी म्हणतात, हे चित्र नव्हे, हा रंगाचा नास आहे. म्हणू देत. त्यांच्या चित्रांपुढे मी कधी कोणाला आपल्या सुनेला हात धरून आणताना आणि "हे मी केलं" म्हणताना पाहिलेलं नाही.

आता भांडणाकडे येतो.

नवेगाव बांधजवळच्या एका गावात समाजमंदिराची भिंत मिळाली. एका संस्थेचं काम होतं. त्यांचे एक साहेब अधूनमधून यायचे, नाव लिहीत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. घरोघरी पाहुणे, दिवसभर दुकानं आणि दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, रात्री नाटक. या गावच्या मंडईच्या दिवशीच कोणी मोठे पाहुणे येऊन भिंतीचं उद्घाटन करणार होते. हातात बारा दिवस होते.

गटात पंधरा जण आले. त्यात सुकरामदादा होते. सत्तरीचे, आयुष्यभर बांधाच्या, म्हणजे नवेगावच्या तलावाच्या, पाण्यात जाळं टाकलेले. काचबिंदूने सात-आठ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. मुलं चांगली होती, जपायची. इतकी जपायची की त्यांना पाण्याजवळ जाऊ देत नव्हती. जाळ्याचं काही बोलायला गेले की राहू द्या बाबा, आम्ही पाहतो. गावात मासे सगळे पकडत होते, पण माशांबद्दल सुकरामदादांना कोणी विचारेनासं झालं होतं. सून सकाळी त्यांना सोडायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, घरी बसून बसून चिडचिड करतात, तुमच्याकडे नुसते बसले तरी चालेल.

नुसतं बसायला मी कोणाला घेत नाही. विचारलं, दादा, काय काढता? ते लगेच म्हणाले, "मरळ."

डोळे नसलेल्या माणसासाठी भिंत हाताला कळेल अशी करावी लागते. आम्ही काठाच्या रंगात बारीक रेती मिसळली, गवताच्या रंगात धानाचा कोंडा, आणि पाणी तसंच गुळगुळीत ठेवलं. मासा मात्र दादांनी पुट्टीचा केला. तळहाताने भिंतीवर लादी थापली, वितीने मोजत डोकं, पोट, शेपूट ओढत नेलं आणि अंगठ्याच्या नखाने एकेक खवला उठवला. मी शिडी धरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला असायचो, त्यामुळे सगळं काही पाहिलं नाही. पुट्टी वाळल्यावर त्यांनी वरून एकच गडद, काळपट हिरवा रंग दिला. दोन हात लांब, चपटं रुंद डोकं, भिंतीतून वर उठलेला मासा.

चौथ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. बांधाकडे जाणारे मासेमार सायकली टेकवून थांबू लागले. लांबूनच ओळखायचे, मरळ आहे, आणि मग दादांना विचारायचे, एवढा कोणत्या साली सापडला होता? दादा सांगायचे. कोणत्या घाटाला, कोणत्या वाऱ्याला, किती जण ओढत होते. एका दुपारी त्यांचा मोठा मुलगा येऊन मागे उभा राहिला आणि बापाला विचारलं की सध्या मरळ लागत नाही, कोणत्या बाजूला टाकावं. दादांनी भिंतीवरून हात न काढता त्याला जागा सांगितली. मी ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

सहाव्या दिवशी साहेब आले. सगळी भिंत पाहिली, बायांचं कौतुक केलं, माशापाशी थांबले आणि मला लांब नेलं. म्हणाले, माशाला डोळा नाही.

मी पाहिलं. खरंच नव्हता. इतके दिवस माझ्याही लक्षात आलं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "लोक म्हणतील, आंधळ्याने आंधळा मासा काढला. त्यांचंच हसं होईल. तुम्ही फक्त एक ठिपका द्या, काळा. त्यांना कळणारही नाही."

त्यांना कळणारही नाही. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मुर्रीच्या भिंतीपुढे मीसुद्धा हेच मनात म्हटलं होतं. मी सांगितलं की इथे दुसऱ्याच्या रेघेवर ब्रश जात नाही. साहेब म्हणाले, पुढच्या हंगामात बऱ्याच गावांत भिंती करायच्या आहेत, सगळं काम तुम्हालाच द्यायचं आमच्या मनात आहे, एका ठिपक्यासाठी कशाला अडता? खोटं कशाला सांगू, हात शिवशिवला. आयुष्यात लाखभर अनुस्वार दिले असतील, त्यातलाच हा एक. पण नाही म्हटलं.

आणि नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तर मी कसला. मी साहेबांना एक व्याख्यान दिलं. म्हटलं, सुकरामदादांना मासा डोळ्याने नाही, हाताने माहीत आहे. जाळ्यातला मासा धरताना कल्ला लागतो, पर लागतात, खवले लागतात. डोळ्याशी हाताला काही काम पडत नाही. म्हणून त्यांच्या माशाला डोळा नाही, आणि तोच त्यांचा खरा मासा आहे. माझं मलाच हे इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते बायांना सांगितलं, घरी बायकोला सांगितलं, हेडक्लार्कसाहेबांना फोन करून सांगितलं. फक्त सुकरामदादांना सांगितलं नाही. वाटलं, त्यांना कशाला दुखवायचं. साहेब असं म्हणतात हे त्यांच्या कानावर जाऊच नये.

त्यानंतर साहेब दोनदा आले, दोनदा फोन केला. दरवेळी मी भांडलो. दादा सकाळी येऊन शेपटीजवळचं पाणी रंगवून दुपारी घरी जात होते, आणि मी त्यांच्यासाठी लढतोय म्हणून स्वतःवर खूश होतो.

मंडईच्या दिवशी सकाळी साहेब गाडीतून उतरले ते गोंदियाच्या रफीकभाईंना घेऊन. रफीकभाई माझ्याच वयाचे, माझ्याच धंद्यातले. एकेकाळी बाजारातल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या, अर्ध्या माझ्या. हातात काळ्या ऑइलपेंटचा लहान डबा. काम मिळेल तसं करतात, त्यांचा काय दोष. पाहुणे दुपारी येणार होते. मी माशाला पाठ लावून उभा राहिलो आणि सांगितलं की आधी मला रंगवा, मग माशाला. साहेबांचा आवाज चढला, माझा तर चढलेलाच होता. मंडईला आलेली माणसं गोळा झाली.

सुकरामदादा नवं धोतर नेसून पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काऊन भांडून राहिला रे पेंटर?"

आता लपवणं शक्य नव्हतं. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, दादा, हे म्हणतात माशाला डोळा नाही, ठिपका देतो. मी देऊ देत नाही. तुम्ही काढला तसाच राहील, डोळ्याविना.

दादा उठले. सुनेने हात पुढे केला तो त्यांनी बाजूला केला आणि भिंत चाचपत माझ्यापर्यंत आले.

"तुले कोनं सांगतलं डोळा नाही म्हून? हात आन इकडं."

माझा उजवा हात धरून त्यांनी माझं बोट माशाच्या डोक्यावर ठेवलं, खवल्यांवरून पुढे सरकवलं, आणि बोट एका खळगीत बसलं. गोल, करंगळीच्या पेराएवढी, कडेला बारीक उठाव. ओल्या पुट्टीत करंगळी दाबून नीट घडवलेला डोळा होता तो. वर गडद रंग, शेजारी नखाचे खवले, भिंत दिवसभर सावलीत. नजरेला तो दिसणं शक्यच नव्हतं. पण तो पहिल्या आठवड्यापासून तिथे होता. सगळ्यांसाठी भिंत करतो म्हणून गावोगाव सांगणारा मी, हाताला कळेल अशी भिंत करा म्हणून रेती-कोंडा कालवणारा मी. बारा दिवसांत त्या माशाला मी एकदाही हात लावला नव्हता.

दादांनी माझा हात सोडला नाही. आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल इतकंच म्हणाले, "मासा बिनाडोळ्याचा रायते का? इतके दिवस माह्यासाठी भांडून राहिला, मले इचारलं काऊन नाही?"

मुर्रीत मी न विचारता पुसलं होतं आणि इथे न विचारता वाचवत होतो, आणि दोन्ही वेळा ज्याचं चित्र तो माणूस मला आठवला नाही. साहेब आणि मी, आमच्यात एवढाच फरक होता की ते ठिपका देणार होते आणि मी व्याख्यान.

मी बाजूला झालो. माझ्या जागी सुकरामदादा उभे राहिले. साहेब म्हणाले की डोळा आहे हे चांगलंच आहे, पण तो दिसायला नको का, तेवढा काळा करून घेऊ. दादांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि विचारलं की रंग कोण लावणार आहे. रफीकभाई म्हणाले, मी. दादा म्हणाले, "लाव. आंधी बोट लावून पाह्य, मंग ब्रश लाव."

रफीकभाईंनी डबा खाली ठेवला. पँटीला हात पुसला. डोळे मिटले नाहीत, काही नाही, सरळ बोट माशाच्या डोक्यावर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. खळगीत बोट बसलं तेव्हा ते थांबले. मग वाकून डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून घट्ट बसवलं.

"साहब, आँख तो है," ते म्हणाले. "मैं इसमें क्या करूँ?"

पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. त्या साहेबांकडून मला पुन्हा एकही भिंत मिळाली नाही, आणि मीही मागायला गेलो नाही. माशाला काळा ठिपका आजही नाही.